भाचीला रासायनिक शस्त्रांची निरीक्षक व्हायचंय

निवृत्त_शिफ्टवाला

गणपतीत सगळे चिपळूणला जमलो होतो. आरती झाली, मोदक झाले आणि भाचीनं मध्येच विचारलं, "मामा, ओपीसीडब्ल्यूमध्ये इन्स्पेक्टर व्हायला काय करावं लागतं?" ती माटुंग्याला, म्हणजे आमच्या वेळच्या यूडीसीटीत, केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या आईला वाटलं पोरगी पोलीस भरतीचं बोलतेय. मला मात्र हसू आलं नाही. अख्ख्या नोकरीत हे निरीक्षक मला एकदाच भेटले, पण तो दिवस डोक्यातून गेलेला नाही. तेव्हा तिला तुटक काहीतरी सांगितलं, आता जरा नीट लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

आधी संस्थेबद्दल. रासायनिक शस्त्रं बनवणं, साठवणं, वापरणं सगळ्यालाच बंदी घालणारा करार जानेवारी १९९३ मध्ये पॅरिसला सह्यांसाठी खुला झाला आणि २९ एप्रिल १९९७ ला लागू झाला. देश तो पाळतात का हे बघायला द हेगमध्ये जी संस्था बसवली ती ओपीसीडब्ल्यू. १९३ देश सदस्य आहेत. इस्रायलनं सही केली, पण पुढची मंजुरी दिली नाही. इजिप्त, उत्तर कोरिया आणि दक्षिण सुदान यांची सहीसुद्धा नाही. २०१३ चं शांततेचं नोबेल यांनाच मिळालं होतं.

आता कोणी म्हणेल, कोकणातल्या एमआयडीसीचा आणि याचा संबंध काय? संबंध असा, की शस्त्र आणि कीटकनाशक यांची चूल पुष्कळदा एकच असते. फॉस्जीन पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला. तोच फॉस्जीन भोपाळच्या कारखान्यात मिक (मिथाइल आयसोसायनेट, तिथे गळलेला वायू) बनवायला लागायचा, आणि आजही जगभर रोज टनावारी बनतो. म्हणून कराराला तीन याद्या जोडल्या आहेत. पहिल्या यादीत सरीन, व्हीएक्स, मस्टर्ड असली थेट विषं. दुसऱ्या-तिसऱ्या यादीत त्यांचा कच्चा माल. याद्यांबाहेरचे पण सेंद्रिय रसायनं बनवणारे कारखाने, तेही सरकारमार्फत घोषित करावे लागतात. मालात फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असेल तर वर्षाला ३० टनांच्या वर गेलं की तुम्ही यादीत आलात. आम्ही फॉस्फरसवाले. ३० टन आमचं काही दिवसांतच व्हायचं.

पंधराएक वर्षं झाली असतील. दिल्लीहून निरोप आला, तपासणी येतेय. आमच्यासारख्या कारखान्याला १२० तासांची आगाऊ सूचना असते, म्हणजे पाच दिवस. आमच्या साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर रंगाचे डबे मागवले. पाच दिवसांत गेट, रेलिंग, पाइपलाइन सगळं चकाचक. ज्या पाइपलाइनवर बाणाची खूण नव्हती तिथेही बाण आले, त्यातले दोन उलटे.

टीम आली. वेगवेगळ्या देशांची माणसं, सोबत दिल्लीचे अधिकारी. साहेबांनी प्रोजेक्टर लावून कंपनीचा इतिहास सुरू केला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, मग एकानं विचारलं, "स्क्रबर कुठे आहे?" (स्क्रबर म्हणजे प्लांटमधून निघणारा आम्लवायू कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुऊन काढणारं यंत्र.) विचारणारा माणूस निरीक्षक होण्याआधी वीस वर्षं प्लांट चालवून आलेला होता. रंगाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. व्हेंट कुठून निघतात, स्क्रबरची क्षमता किती, रिॲक्टर कशाचे बनलेत, काचेचं अस्तर कुठल्याला आहे, डेड स्टॉक कुठे ठेवता, असे सगळे प्रश्न. आमच्या प्रकारच्या तपासणीत रजिस्टरं दाखवणं दोन्ही बाजूंच्या संमतीनंच होतं. आम्ही दाखवली. अर्ध्या तासात त्यानं कॉस्टिकच्या रजिस्टरवर बोट ठेवलं. एका आठवड्यात बॅचच्या मानानं कॉस्टिक जास्त गेलं होतं. आम्ही स्पष्टीकरण दिलं, त्याचं समाधान झालं, विषय मिटला. त्याआधी वर्षभरात तीन ऑडिट होऊन गेली होती, एकालाही ते दिसलं नव्हतं.

सगळं २४ तासांत आटपायचं असतं, आणि संपल्यावर पुढच्या २४ तासांत प्राथमिक निष्कर्षांचा कागद तयार. चहाच्या वेळी मी न राहवून विचारलं, "मग, आम्ही पास का?" तो हसला. पास-नापास असं काही नसतं म्हणाला. घोषणेत जे लिहिलंय आणि जागेवर जे आहे ते जुळतं का, एवढंच आम्ही लिहितो.

भाचीच्या डोक्यात जे चित्र आहे ते सीरियाचं आहे. मास्क, पांढऱ्या गाड्या, वाळवंट. तेही काम आहेच, नाही असं नाही. पण बहुतेक दिवस असेच जातात, कुठल्यातरी एमआयडीसीत, कुणाच्यातरी कॉस्टिकचा हिशेब लावत.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही कायमची नोकरी नाही. एका माणसानं जास्तीत जास्त सात वर्षं काम करायचं, असा त्या संस्थेचा मुळातला नियम आहे. म्हणजे तिथे जायचं तर आधी कशात तरी पक्कं व्हायला हवं आणि परतल्यावर काय करायचं तेही ठरलेलं हवं. मी तिला म्हटलं, आधी दहा वर्षं प्लांटमध्ये घाल. तिनं तोंड वाकडं केलं.

---

सावंतवाडीचा_गंजिफा

छान धागा. वाचतोय. उलटे बाण वाचून फुटलो.

---

तिरकस_पंत

काका, लेख छान, पण भाचीला दुसरी बाजूही सांगा. ही संयुक्त राष्ट्रांची मंडळी म्हणजे मोठ्या देशांच्या तालावर नाचणारी. तुमच्या कोकणातल्या कंपनीला २४ तासांत उभी-आडवी तपासतील, अमेरिकेला कोण विचारतो?

---

डेल्फ्टवरून

पंत, एक दुरुस्ती. ओपीसीडब्ल्यू संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही. स्वतंत्र संस्था आहे, दोघांमध्ये सहकार्याचा करार आहे. आणि अमेरिकेला विचारतात. अमेरिका आणि रशियात शस्त्रसाठे नष्ट करणारे कारखाने चालू होते तेव्हा हे निरीक्षक तिथे आठवडेच्या आठवडे मुक्कामाला असायचे. एक टीम गेली की दुसरी. रशियानं २०१७ च्या सप्टेंबरात किझनरला शेवटचा गोळा संपवला, अमेरिकेनं ७ जुलै २०२३ ला केंटकीतल्या ब्लू ग्रासला. जगानं घोषित केलेला सगळा मिळून ७२,३०४ टनांचा साठा असा निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत संपला.

मी त्या संस्थेत नाही, पण द हेगला रोज ट्रामनं जातो, वाटेत ती अर्धवर्तुळाकार इमारत दिसते. मुलाच्या पोहण्याच्या क्लासला तिथल्या एकाशी ओळख झाली. फार गोड माणूस, पण "पुढच्या आठवड्यात पोरांना कोण आणणार?" असं विचारलं की बायकोकडे बघतो. कुठे जाणार ते सांगत नाही. आपणही विचारायचं नाही, ही इथली रीत.

ही गुप्तता उगाच नाही. एप्रिल २०१८ मध्ये डच गुप्तचरांनी रशियाच्या लष्करी हेरखात्याची चार माणसं पकडून परत पाठवली. शेजारच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून, डिकीतल्या अँटेनानं ओपीसीडब्ल्यूच्या वायफायमध्ये शिरायचा बेत होता. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या विषप्रयोगाचे, म्हणजे नोविचोक या विषाच्या प्रकरणाचे, नमुने तेव्हा नुकतेच तपासले गेले होते.

सात वर्षांबद्दल शिफ्टवाले काका म्हणतात ते खरं आहे. पहिला करार साधारण तीन वर्षांचा, मग थोडी थोडी वाढ. मुलं डच शाळेत रुळतात, त्यांना सायकल हाताशिवाय चालवता येऊ लागते आणि तेवढ्यात सामान बांधायची वेळ येते. जोडीदाराच्या नोकरीचा विचार आधी करा, हे भाचीला माझ्यातर्फे सांगा.

---

गोडबोले_नाही_कडूबोले

पगार किती हो?

---

डेल्फ्टवरून

आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची वेतनश्रेणी असते. संस्थेच्या जाहिरातीत आकडा छापलेलाच असतो, बघून घ्या. आणि इथलं घरभाडंही बघून घ्या.

---

दापोडीचा_फौजी

सैन्याच्या इंजिनीअर्समध्ये होतो, सीएमई (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय) पुणे इथे रासायनिक-जैविक-आण्विक संरक्षणाचा कोर्स केला आहे. ओपीसीडब्ल्यूत गेलो नाही, पण त्या जातीचं काम ओळखतो म्हणून लिहितो.

काकांनी लिहिलेला निरीक्षक म्हणजे उत्पादन तंत्रज्ञ. टीममध्ये याशिवाय रासायनिक पृथक्करण करणारे असतात, आरोग्य-सुरक्षावाले असतात आणि आमच्या धंद्यातले, म्हणजे दारूगोळ्याचे जाणकार. गंजलेला तोफगोळा समोर आहे. आत मस्टर्ड आहे, टीएनटी आहे की नुसती वाळू? उघडायचा नाही. मग क्ष-किरणानं आतली पातळी बघायची, गोळा तिरका केला की द्रव सरकतो का ते बघायचं. न्यूट्रॉनचा मारा करून परत येणाऱ्या गॅमा किरणांवरून आत क्लोरिन, फॉस्फरस, गंधक काय आहे ते कळतं. चीनच्या हाएरबालिंगला जपानी सैन्यानं मागे टाकलेले गोळे, बेल्जियममध्ये शेतात अजून नांगराला लागणारे पहिल्या महायुद्धातले गोळे, ही सगळी याच लोकांची गिऱ्हाइकं.

बेल्जियमवरून आठवलं. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रला जर्मनांनी क्लोरिन सोडला. चारच दिवसांनी, २६ तारखेला, आपली लाहोर डिव्हिजन त्याच भागात प्रतिहल्ल्याला गेली आणि वायूत सापडली. जमादार मीर दस्त यांना त्या दिवसासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही.

आता सीरिया. ऑगस्ट २०१३ मध्ये ओके सेलस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली टीम दमास्कसला गेली होती, आधीच्या आरोपांच्या चौकशीसाठी. ओपीसीडब्ल्यूच्या गटाचा प्रमुख होता स्कॉट केर्न्स. १८ तारखेला पोचले. २१ ला त्याच शहराच्या कडेला, घौटात, सरीनचा हल्ला झाला. हॉटेलपासून काही किलोमीटरवर! २६ ला निघाले तर पहिल्याच गाडीवर स्नायपरच्या गोळ्या. मागे फिरले, गाडी बदलली आणि त्याच दिवशी परत गेले. आमच्याकडे याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही, पण मी सॅल्यूट मारतो. ठरलेल्या काही तासांत रॉकेटचे सांगाडे मोजायचे, माती उचलायची, रुग्णांचं रक्त घ्यायचं. १६ सप्टेंबरला अहवाल आला. रक्ताच्या नमुन्यांपैकी ८५ टक्क्यांत सरीनचा पुरावा होता. तरी, कुणी मारलं हे अहवालात नाही. तो त्यांना दिलेला प्रश्नच नव्हता.

पुढे सीरिया करारात आला, सुमारे १३०० टन साठा लताकिया बंदरातून बाहेर काढला, आणि त्यातला सगळ्यात वाईट माल केप रे नावाच्या अमेरिकी जहाजावर भर समुद्रात निकामी केला. मे २०१४ मध्ये कफ्र झिताजवळ सत्यशोधन पथकाच्या ताफ्यावर स्फोट आणि गोळीबार झाला तो वेगळाच.

भाचीला घाबरवायला हे लिहिलेलं नाही. पण अर्ज करताना घरच्यांना पूर्ण सांगून कर म्हणावं.

---

तिरकस_पंत

फौजीसाहेब, सॅल्यूट मान्य. पण माझा मुद्दा उरतोच. पहिले महासंचालक होझे बुस्तानी, ब्राझीलचे. इराकला करारात आणायची बोलणी करत होते. एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली मतदान घेऊन काढून टाकले. ४८ विरुद्ध ७, आणि ४३ तटस्थ. वर्षभरानं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या न्यायाधिकरणानं तो निर्णय चुकीचा ठरवला. तोवर इराकवर हल्ला होऊन गेला होता. आणि सीरियातलं दूमा? २०१८ च्या हल्ल्याच्या अहवालावरून त्यांच्याच माजी निरीक्षकांनी आतले कागद बाहेर आणले. हे सगळं भाचीला मोदक खाताना सांगितलंत का?

---

निवृत्त_शिफ्टवाला

नाही सांगितलं, आणि सांगायला हवं होतं. बुस्तानींचं प्रकरण त्या संस्थेच्या अंगावरचा डागच आहे, मी सारवासारव करणार नाही.

दूमाबद्दल मात्र अर्धंच सांगू नका. दोघा माजी निरीक्षकांनी गोपनीयतेचा भंग केला, असा संस्थेच्या चौकशीचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. हल्ला कुणी केला हे शोधायला नंतर जे वेगळं पथक नेमलं, त्यानं जानेवारी २०२३ मध्ये क्लोरिनची नळकांडी सीरियन हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं टाकली असं मानायला पुरेसा आधार आहे असं म्हटलं. तुम्हाला पटो न पटो, दोन्ही कागद वाचून मग भांडू.

मला त्यात वेगळीच गोष्ट टोचते. क्लोरिन तिन्ही याद्यांत कुठेच नाही! नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीजवळ जो टनर, म्हणजे टनभर क्लोरिनचं सिलिंडर, असतो तोच हा. करार म्हणतो, कुठलंही विष माणसावर शस्त्र म्हणून वापरलं की ते रासायनिक शस्त्र. म्हणजे निरीक्षकानं सिलिंडर बघून भागत नाही, तो तिथे का आला हे बघावं लागतं. इथे प्लांटचा अनुभव अर्धाच उपयोगी पडतो.

---

जीसीएमएसवाली

नमस्कार, पुण्यात एका लॅबमध्ये कीटकनाशकांचे अंश तपासते, चौदा वर्षं जीसी-एमएसवरच (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) आहे. प्रयोगशाळेचा भाग कुणीच लिहिला नाही म्हणून हात शिवशिवले.

सगळ्यांना वाटतं निरीक्षक यंत्र लावतो आणि पडद्यावर 'सरीन' असं नाव येतं. सरीन इतके दिवस थांबत नाही हो. ओलाव्यात फुटतं. मातीत मिळतात ते त्याचे तुकडे, आधी आयसोप्रोपिल मिथाइलफॉस्फोनिक आम्ल, मग नुसतं मिथाइलफॉस्फोनिक आम्ल. पण त्यातला फॉस्फरस आणि कार्बन यांच्यातला बंध फार चिवट असतो. आमच्या नेहमीच्या कीटकनाशकांत, मॅलेथिऑन-क्लोरपायरीफॉसमध्ये, फॉस्फरसला थेट चिकटलेला तो मिथाइल नसतो. त्यामुळे शेतात फवारणी झाली होती अशी सबब इथे चालत नाही. रक्ताची गंमत आणखी भारी. सरीन रक्तातल्या एका एन्झाइमला जाऊन चिकटतं. फ्लोराइड घालून ते पुन्हा सोडवता येतं, आणि मग अख्खं सरीन यंत्रात दिसतं. हल्ल्याला काही आठवडे उलटले तरी.

नमुना जागेवरच सील होतो, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंद पावलोपावली. मग किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत जातो, सोबत मुद्दाम बनवलेले खोटे आणि कोरे नमुने मिसळून, म्हणजे कुठला खरा ते लॅबला कळू नये. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेची व्हर्टॉक्स ही अशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहे. ती मान्यता टिकवायची म्हणजे सतत परीक्षा. लागोपाठच्या तीन परीक्षांत तीन 'अ', फार तर दोन 'अ' आणि एक 'ब'. आणि नसलेलं रसायन आहे म्हणून सांगितलंत तर सरळ नापास. आमच्या लॅबला हा नियम लावला तर अर्धा स्टाफ गावी जाईल, मीसुद्धा.

कंपन्यांना भीती असते की निरीक्षक आमचा फॉर्म्युला चोरतील. त्यासाठी जागेवरच्या यंत्राला झापडं लावतात. यंत्राच्या लायब्ररीत, म्हणजे ज्यांच्याशी ताडून ते ओळखतं त्या यादीत, फक्त करारातली रसायनं ठेवायची. तुमच्या नमुन्यात बाकी शंभर गोष्टी असोत, यंत्र म्हणणार 'यादीतलं काही नाही', बस. मला ही कल्पना फार आवडली. जेवढं विचारलंय तेवढंच बघायचं, हे शिकायला आम्हा लॅबवाल्यांना वर्षं जातात. आपल्याला तर आलेखात पीक (उंचवटा) दिसला की हात लावायचाच असतो.

भाचीला सांगा, उत्पादनापेक्षा पृथक्करणाकडे ये. आमच्याकडे एसी असतो.

---

दापोडीचा_फौजी

ताई, एसी लॅबमध्ये. बंदिस्त सूट घालून मेमधल्या उन्हात नमुना घेणाऱ्याला विचारा! बूट काढले की घाम ओतून टाकावा लागतो.

---

कोल्हापुरी_ठसका

भाबडा प्रश्न. साठे सगळे संपले, मग आता या लोकांना काम काय? आणि भारताकडे ही शस्त्रं होती हे खरं का? व्हॉट्सॲपवर वाचलं होतं.

---

डेल्फ्टवरून

खरं आहे, व्हॉट्सॲपचाही कधीतरी नेम लागतो. गंमत म्हणजे १९९२ मध्ये भारत-पाकिस्ताननं आमच्याकडे ही शस्त्रं नसतील, असा संयुक्त जाहीरनामा काढला होता. १९९७ मध्ये करार लागू झाल्यावर भारतानं १०४४ टन मस्टर्ड घोषित केलं. पाकिस्तानची चिडचिड समजण्यासारखी होती. पण एकदा घोषित केल्यावर भारतानं ते निरीक्षकांसमोर नष्ट केलं आणि २००९ मध्ये पूर्ण संपवलं, अमेरिका आणि रशियाच्या कितीतरी आधी.

काम संपलेलं नाही. २०२४ च्या डिसेंबरात असद पळाल्यावर सीरियात लपवलेलं काय काय आहे ते शोधायचं नवंच प्रकरण उघडलं. कारखान्यांच्या तपासण्या चालूच राहतात. २०२३ मध्ये इथून जवळच, पायनाकर-नोटडॉर्पला, त्यांचं नवं रसायन-तंत्रज्ञान केंद्र सुरू झालं, तिथे प्रयोगशाळा आणि प्रशिक्षण दोन्ही आहे. आणि करारात एक ब्रह्मास्त्रही ठेवलंय. एका देशाला दुसऱ्यावर संशय आला तर आव्हान देऊन तपासणी मागायची, टीम दारात यायच्या फक्त १२ तास आधी सूचना. १९९७ पासून आजवर एकदाही कुणी वापरलेलं नाही.

---

कोल्हापुरी_ठसका

१२ तासांत रंगाचे डबेही यायचे नाहीत.

---

मीच_ती_भाची

मामा!!! आईनं लिंक पाठवली. मला न विचारता धागा काढलास, त्याबद्दल दिवाळीला बघते.

सगळ्यांचे आभार, खरंच. जीसीएमएसवाली ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय. डेल्फ्टवाले दादा, जोडीदार अजून नाही त्यामुळे तो प्रश्न पुढे ढकलते. पंतकाका, बुस्तानींचं आम्हाला एका सेमिनारमध्ये सांगितलं होतं, तरीही जायचं आहे.

सात वर्षांचा नियम मला उलट आवडला. तिथेच मुरलेला माणूस नको, बाहेरून ताजं शिकून आलेला हवा, असा तो हिशेब असणार. आणि मामा, तोंड मी दहा वर्षं प्लांटमध्ये घालायला वाकडं केलं नव्हतं, चौथा मोदक आईनं उचलला म्हणून केलं होतं.

आता एक शंका. तू लिहिलंयस की एका आठवड्यात बॅचच्या मानानं कॉस्टिक जास्त गेलं, "आम्ही स्पष्टीकरण दिलं, विषय मिटला". काय स्पष्टीकरण? स्क्रबरमध्ये कॉस्टिक जास्त खर्च झालं म्हणजे एचसीएल, तो आम्लवायू, जास्त आला. बॅच तेवढ्याच असतील तर जास्तीचा एचसीएल आला कुठून?

---

निवृत्त_शिफ्टवाला

कंडेन्सरची ट्यूब गळत होती. फॉस्फरस ट्रायक्लोराइडच्या बॅचमध्ये पाणी शिरलं. पाण्याशी गाठ पडली की ते एचसीएल सोडतं.

---

मीच_ती_भाची

बाप रे. कुणाला लागलं नाही ना? आणि मग ते बॅच कार्डवर का नव्हतं? असतं तर त्याला कॉस्टिकच्या रजिस्टरपर्यंत जावंच लागलं नसतं.

---

निवृत्त_शिफ्टवाला

कुणाला काही झालं नाही. स्क्रबरनं सगळं गिळलं. पाणी बंद केलं, बॅच थंड करून काढून टाकली. रात्रपाळी होती, कार्डवर 'नॉर्मल' लिहिलं गेलं. निरीक्षकाला खरं ते सांगितलं, त्याच्यासमोर खोटं सुचलंच नाही. साहेबांनाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

---

मीच_ती_भाची

त्या रात्री शिफ्ट इनचार्ज कोण होतं?

---

निवृत्त_शिफ्टवाला

तुझा मामा.